सुवर्णदुर्ग ते सेव्हर्नड्रूग : एका कमोडोरच्या मागावर सहा दिवस

गेल्या वर्षी लंडनला असलेल्या भाच्याने एक फोटो पाठवला. झाडीत उभा असलेला विटांचा तीनकोनी मनोरा, दारावर दगडी पाटी, आणि खाली त्याचा प्रश्न : "मावशी, हे आपलं हर्णैचं सुवर्णदुर्ग का गं?" पाटीवर 'सेव्हर्नड्रूग' असं कोरलेलं होतं. मोठ्याने दोनदा म्हणून पाहिलं आणि अंगावर काटा आला. माझं आजोळ मुरुडचं, हर्णैच्या शेजारचं. लहानपणी सुट्टीत रोज संध्याकाळी ज्या किल्ल्यामागे सूर्य बुडताना बघितला, त्याचं नाव सातेक हजार किलोमीटरवरच्या टेकडीवर कोणी लावलं?

लावलं ते विल्यम जेम्स नावाच्या दर्यावर्दीच्या बायकोने. त्या माणसाचं आयुष्य जिथे जिथे आपल्या किनाऱ्याला लागलं तिथे जायचं आणि शेवटी त्या मनोऱ्यावर चढायचं, असं मी तेव्हाच ठरवलं.

पहिला दिवस : बुधवार, २ एप्रिल २०२५, हर्णै

तारीख मुद्दाम निवडली होती. जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला तो २ एप्रिल १७५५ला. पंचांग मागे मोजत गेले तर तोही बुधवारच निघाला. बरोबर २७० वर्षं.

सकाळी सातला बंदरावर पोचले. रात्रीच्या बोटी लागलेल्या, बैलगाड्या पाण्यात उतरून मासळीच्या टोपल्या वर आणत होत्या. किल्ल्यावर नेणारे नाखवा सत्तरीचे. मी वाकून विचारलं, "नाखवा, आत्ता जाता येईल ना?" तर म्हणाले, "व्हय, पण ताई, वोहोटी हाय. उतरताना पाय भिजतील, चप्पल हातात घ्या."

पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास. निम्म्यात आल्यावर मी विचारलं, इथे पाणी किती असेल? त्यांनी यंत्राकडे पाहिलंही नाही. किनाऱ्यावरचा दीपस्तंभ आणि किल्ल्याचा बुरुज अशी दोन्हीकडे नजर टाकून म्हणाले, "तीन वाव. पुढं खडक हाय, तिथं दोनच." वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर या बोटापासून त्या बोटापर्यंतची लांबी. इंग्रजांचं फॅदम हे मापही नेमकं तेच, पसरलेल्या हातांचं, सहा फुटांचं. दोन्ही किनाऱ्यांच्या खलाशांनी समुद्र मोजायला स्वतःचे हातच वापरले.

हे इतकं सांगण्याचं कारण आहे. सुवर्णदुर्ग पडला तो आधी पाणी मोजलं म्हणून.

विल्यम जेम्स वेल्समधल्या पेम्ब्रोकशायरचा. जन्म १७२०-२१च्या सुमाराचा. घराणं नाही, वशिला नाही. पोरवयातच जहाजावर गेला. १७४७मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या आरमारात दाखल झाला. हे आरमार ब्रिटनच्या राजाचं नव्हे, व्यापारी कंपनीचं. काम मुख्यतः व्यापारी गलबतांना सोबत करायचं. चार वर्षांत, १७५१मध्ये, तो त्याचा प्रमुख झाला. कमोडोर ही पदवी आणि 'प्रोटेक्टर' नावाचं ४४ तोफांचं नवं जहाज त्याला मिळालं.

त्या वेळी मुंबई ते गोवा या पट्ट्यात कंपनीच्या जहाजांना धाक होता तो आंग्र्यांचा. कान्होजी १७२९ला गेले. पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या, कुलाब्याला मानाजी आणि विजयदुर्ग-सुवर्णदुर्गाकडे तुळाजी. इंग्रजांच्या जुन्या कागदांत तुळाजीला सरसकट चाचा म्हटलंय, आणि आपल्याकडच्याही काही पुस्तकांनी तो शब्द तसाच उचललाय याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या किनाऱ्यावरून जायचं तर दस्तक म्हणजे परवाना घ्या, हा नियम पोर्तुगीजांनी केला तर ती सत्ता आणि आंग्र्यांनी केला तर ती चाचेगिरी?

पण तुळाजी आणि नानासाहेब पेशवे यांचं फाटलं होतं, हेही खरंच. मार्च १७५५मध्ये पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. पेशव्यांच्या बाजूने तो घडवून आणणारे होते कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव. जमिनीवरून पेशव्यांची फौज आणि समुद्रावरून इंग्रज, असा बेत. समुद्रावरची सूत्रं इंग्रजांच्या हाती, आणि बाणकोट त्यांना द्यायचं.

जेम्सला मुंबईहून दिलेला हुकूम मवाळ होता. आंग्र्यांच्या जहाजांना बंदरात अडकवून ठेव, पण कंपनीची जहाजं कोणत्याही किल्ल्यावर घालून धोक्यात टाकू नकोस. २२ मार्चला निघालेल्या त्याच्या ताफ्यात जहाजं तरी किती? 'प्रोटेक्टर', 'स्वॅलो' आणि उखळी तोफांची दोन छोटी जहाजं, 'व्हायपर' आणि 'ट्रायम्फ'. पेशव्यांचं आरमार संख्येने मोठं होतं, पण ते किल्ल्याच्या माऱ्याबाहेर थांबून लांबून तोफा डागत राहिलं. किनाऱ्यावरची फौजही सावकाश चालली होती.

जेम्सने हुकमाच्या पलीकडे जायचं ठरवलं. पण त्याआधी रात्रीच्या अंधारात बेटाभोवती होडी फिरवून, दोरीला शिसं बांधून सगळीकडचं पाणी मोजून घेतलं. मोठं जहाज तटाच्या किती जवळ नेता येईल हे कळल्याशिवाय त्याने एकही गोळा टाकला नाही. माझ्या मते हा माणूस इथेच कळतो.

होडी वाळूला लागली. चप्पल हातात घेऊन उतरले. महादरवाजा पूर्वेला, किनाऱ्याकडे तोंड करून. पायरीवर कोरलेलं कासव, बाजूच्या तटावर मारुती. दोघांनाही हात लावून नमस्कार केला, आजी लावायची तसा. दरवाजा इतका बेमालूम बुरुजात लपलाय की दोनशे पावलांवरून दिसत नाही.

आत आता विहिरी, पडके चौथरे, गवत आणि घाणेरीचं रान. मी सरळ पश्चिमेच्या तटावर गेले. इथे बेटाचा खडकच तासून तटाची भिंत केलीय, वर घडीव दगड चढवलेत. पहिल्या दिवशी जेम्सने मारा केला तो या बाजूने. सुमारे ८०० गोळे टाकले. खडकावर त्यांचा फारसा परिणाम झाला नाही. रात्री किल्ल्यातून फुटून आलेल्या एका माणसाने सांगितलं की आतलं नुकसान मोठं आहे, पण इकडून भगदाड पडणं अशक्य. मग जेम्सने जागा बदलली. बेट आणि किनारा यांच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यात, जिथून मी तासाभरापूर्वी आले तिथे, जहाज आणून नांगर टाकला. तटापासून जेमतेम शंभर यार्ड. आता एका कुशीच्या तोफा सुवर्णदुर्गावर आणि दुसऱ्या कुशीच्या किनाऱ्यावरच्या गोवा किल्ल्यावर. दोन्हीकडून मार खात त्या खाडीवजा पाण्यात उभं राहायचं तर छाती लागते. आणि खाली खडक नाही याची खात्री लागते. ती त्याने रात्रीच करून घेतली होती.

दुपारच्या सुमारास एक गोळा आतल्या छपरावर पडून आग लागली, ती दारूकोठाराला भिडली आणि कोठार उडालं. लोक होड्यांतून गोवा किल्ल्याकडे पळू लागले, त्यातले बरेच वाटेतच पकडले गेले. शेवटी जेम्सने आपल्या खलाशांपैकी निम्मे उतरवले आणि त्यांनी कुऱ्हाडींनी दरवाजा फोडला. मी ज्या पायरीवरच्या कासवाला हात लावला, तीच पायरी.

उन्हं चढली होती. कोठाराच्या भिंतींपाशी बराच वेळ बसले. इथे मेलेल्या माणसांची नावं कुठेच नाहीत, याच एका विचारात.

परतताना नाखव्यांना सगळी गोष्ट सांगितली. ते ऐकत होते, वल्ह्यावर हात ठेवून. शेवटी एवढंच म्हणाले, "म्हंजे पाणी त्याला ठाव होतं." निघताना त्यांनी नंबर दिला आणि म्हणाले, तो मनोरा बघाल तेव्हा फोटो धाडा.

दुसरा दिवस : ३ एप्रिल, हर्णै ते बाणकोट

सकाळी किनाऱ्यावरचे तीन किल्ले. कनकदुर्गावर दीपस्तंभ, फत्तेगडावर कोळी बांधवांची वस्ती, गोवा किल्ल्याचा तट मात्र अजून दणकट. एका मोठ्या किल्ल्याच्या राखणीला समोर तीन छोटे, अशी ही रचना किती विचारपूर्वक केलेली आहे ते कनकदुर्गावर उभं राहिलं की कळतं. जेम्स मधल्या पाण्यात घुसला आणि तीच रचना त्याने एका जहाजाने दुभंगली.

दुपारी आंजर्ले, केळशी, वेळास करत बाणकोट. रस्ता अरुंद पण डोळ्यांचं पारणं फेडणारा. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडण्याचे दिवस होते, गर्दी पुष्कळ, म्हणून थांबले नाही. बाणकोट म्हणजे हिम्मतगड, सावित्रीच्या मुखावरचा. सुवर्णदुर्ग पडल्यावर आठवड्याच्या आत तो लढाईशिवाय हाती आला. इंग्रजांनी त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. जांभ्याचा छोटेखानी किल्ला, बाजूला खंदक. कोकणच्या मुख्य किनाऱ्यावर इंग्रजांचा पाय पक्का रोवला गेला तो इथे. सूर्यास्तापर्यंत बसले, पण मन लागलं नाही.

तिसरा दिवस : ४ एप्रिल

सगळा दिवस गाडीत. दापोली, खेड, चिपळूण, राजापूर, खारेपाटण, मग तळेऱ्याहून उजवीकडे. विजयदुर्गला पोचेपर्यंत काळोख पडला होता. गरम पेज, सुरमई आणि झोप.

चौथा दिवस : ५ एप्रिल, विजयदुर्ग

सुवर्णदुर्गाचा विजय मुंबईला इतका अनपेक्षित होता की लगेच पुढच्या मोहिमेची आखणी सुरू झाली. त्याच वर्षाअखेरीस दोन मोठी नावं मुंबईत आली : शाही आरमाराचा रिअर ॲडमिरल चार्ल्स वॉटसन आणि कर्नल रॉबर्ट क्लाइव्ह. आलेच आहेत तर विजयदुर्ग उरकून घेऊ, असं ठरलं. इंग्रज त्याला घेरिया म्हणत, शेजारच्या गिर्ये गावावरून.

पण हा किल्ला अभेद्य म्हणून त्याची ख्याती. कोणालाच नक्की माहीत नव्हतं की तो आहे कसा. तेव्हा पुन्हा जेम्सलाच पाठवलं. डिसेंबर १७५५मध्ये 'प्रोटेक्टर' घेऊन तो आला, जवळून पाहणी केली, पाण्याचा अंदाज घेतला आणि परत जाऊन सांगितलं की किल्ला बळकट आहे, पण सांगतात तसा अजिंक्य नाही, आणि जहाजं जवळ जाऊ शकतात. ॲडमिरलचा ताफा त्याच्या शब्दावर निघाला.

सकाळी आठला मी किल्ल्यात होते. तिहेरी तट, तीन बाजूंनी समुद्र आणि वाघोटनच्या खाडीचं पाणी, चौथ्या बाजूला जमीन. पडकोटाच्या बाहेरच्या अंगाने चालत गेलं की तटाच्या काळ्या दगडांवर गोळ्यांचे खड्डे दिसतात. एका खड्ड्यात माझी मूठ मावली. चिरा आत गेला, फुटला नाही.

वॉटसनचा ताफा ११ फेब्रुवारी १७५६ला इथे पोचला. १२ तारखेला दुपारी तोफा सुरू झाल्या. तुळाजी आत नव्हताच, वाटाघाटीसाठी पेशव्यांच्या छावणीत गेला होता आणि तिथेच अडकला. त्याचं आरमार किल्ल्याच्या आडोशाला खाडीत एकमेकांना बांधून ठेवलेलं. त्यात 'रेस्टोरेशन' हे कंपनीकडूनच जिंकून आणलेलं जहाज होतं. एक पेटता गोळा त्याच्यावर पडला. त्यावरून शेजारच्या गुराबेवर, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजावर, तिथून पुढच्या, तिथून गलबतांवर. तास-दोन तासांत सगळं जळून गेलं. दुसऱ्या दिवशी किल्ला शरण आला.

मी खाडीच्या बाजूच्या बुरुजावर उभी होते. समोर दोन-तीन मासेमारी बोटी नांगरून डुलत होत्या. कान्होजींच्या काळापासून दोन पिढ्यांनी साग आणून, सुतार पोसून, खलाशी घडवून उभं केलेलं आरमार या एवढ्याशा पाण्यात एका संध्याकाळी राख झालं. आणि ते जाळायला इंग्रजांना बोलावणं आपण धाडलं होतं. मला पेशव्यांची बाजू माहीत आहे. तुळाजी उद्दाम होता, कोणाचं ऐकत नव्हता, हे मान्य. तरीही घरातल्या भांडणासाठी आपण आपला समुद्र दुसऱ्याच्या हाती दिला, असंच मला त्या बुरुजावर वाटलं आणि रडू आलं.

करारातल्या भागीदाराला काय मिळालं? पेशव्यांची फौज आत शिरू नये म्हणून क्लाइव्हने आपले लोक आधीच मध्ये उतरवले होते. किल्ल्यात सापडलेले सुमारे १० लाख रुपये इंग्रजांनी आपसांत वाटून घेतले. किल्लाही महिनोन्महिने सोडला नाही. ऑक्टोबरात नवा तह होऊन तो पेशव्यांकडे आला. तुळाजी मरेपर्यंत कैदेत राहिला.

पुढे याच बंदरातून आनंदराव धुळपांनी मराठ्यांचं आरमार पुन्हा उभं केलं. संध्याकाळी गिर्ये गावात जाऊन रामेश्वराचं दर्शन घेतलं. मन थोडं निवलं.

पाचवा दिवस : शनिवार, १३ सप्टेंबर, लंडन

मध्ये पाच महिने गेले. जुलैत सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग, दोन्ही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्या दिवशी मी मुरुडच्या मामींना फोन करून पेढे वाटायला सांगितलं होतं.

भाच्याबरोबर वेस्टमिन्स्टर ॲबीत गेले. उत्तरेकडच्या भागात वॉटसनचं भव्य संगमरवरी स्मारक आहे, कंपनीने उभारलेलं. मधोमध ॲडमिरल, रोमन पोशाखात. खाली तीन विजय कोरलेत : घेरिया, कलकत्ता, चंद्रनगर. माणूस पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १७५७मध्ये, कलकत्त्यात तापाने गेला. वय त्रेचाळीस.

घेरिया हे नाव तिथे बोटाने दाखवलं तर शेजारच्या एका बाईंनी विचारलं, हे कुठे आलं? मी सांगायला लागले आणि रांग खोळंबली. भाचा हळूच म्हणाला, "मावशी, बाहेर सांग गं."

सहावा दिवस : रविवार, १४ सप्टेंबर, शूटर्स हिल

मनोरा रविवारी उघडतो. वुलिचपर्यंत रेल्वे, पुढे बस, मग कॅसल वूडमधली चढण. ओक आणि बर्चची दाट झाडी, पायाखाली ओला पाचोळा. वळणावर एकदम तो दिसला. तपकिरी विटा, तीन बाजू, प्रत्येक कोपऱ्यावर षटकोनी बुरूज. रिचर्ड जप याने आराखडा केला, १७८४मध्ये बांधून झाला.

दारावरची पाटी मी मोठ्याने वाचली. विल्यम जेम्सच्या पूर्वेकडच्या पराक्रमाच्या स्मरणार्थ, आणि विशेषकरून मलबार किनाऱ्याजवळचा सेव्हर्नड्रूगचा किल्ला २ एप्रिल १७५५ रोजी त्याच्या शौर्याने आणि कौशल्याने पडला त्याची नोंद म्हणून, अशा आशयाची. मलबार कुठलं, कोकण! पण तेव्हाचे इंग्रज सगळ्याच पश्चिम किनाऱ्याला मलबार म्हणत.

पाटी लावणारीचं नाव पाटीवर नाही. 'दिवंगत जेम्सच्या प्रतिनिधीने' एवढंच. ती ॲन, त्याची बायको.

विजयदुर्गानंतर जेम्सने आणखी एक काम केलं, ज्याला मी सुवर्णदुर्गाइतकंच मोठं मानते. फ्रान्सशी युद्ध पुकारल्याची बातमी आणि सैनिक तातडीने बंगालला पोचवायचे होते, आणि मोसम उलटा. त्या वाऱ्यांत तिकडे जाता येत नाही असं सगळे धरून चालत. जेम्स विषुववृत्त ओलांडून खूप दक्षिणेला गेला, तिथला वारा पकडून पूर्वेला सरकला आणि मग वर वळला. जवळजवळ नेहमीच्याच वेळात हुगळीत दाखल झाला. पुन्हा तेच, आधी समुद्र समजून घ्यायचा. १७५९मध्ये तो मायदेशी परतला. कंपनीने सोन्याच्या मुठीची तलवार दिली. त्याने एल्टमला मोठी जमीन घेतली, कंपनीचा संचालक आणि पुढे अध्यक्ष झाला, संसदेत वेस्ट लू इथून निवडून गेला, १७७८मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरेने चालणारा किताब त्याला मिळाला. जोशुआ रेनॉल्ड्ससारख्या चित्रकाराने त्याचं चित्र काढलं, ते ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयाच्या संग्रहात आहे. १६ डिसेंबर १७८३ रोजी मुलीचं लग्न होतं. त्याच दिवशी झटका येऊन तो गेला.

एका वर्षाच्या आत ॲनने हा मनोरा बांधला. नवऱ्याच्या आयुष्यात पदव्या, पैसा, संसद सगळं होतं, पण तिने नाव निवडलं ते आमच्या किल्ल्याचं. आमच्या पराभवाचं स्मारक आहे हे कळत असूनही त्या बाईविषयी मला मनातून आदर वाटला.

आत तळमजल्यावर छोटं चहाघर. पुढे लाकडी जिना, ऐंशीहून जास्त पायऱ्या. गुडघे दुखत होते तरी थांबले नाही. गच्चीवर वारा भणाणत होता. उत्तरेला थेम्स, पलीकडे कॅनरी व्हार्फचे काचेचे मनोरे, दक्षिणेला केंटच्या टेकड्या. १७८७मध्ये जनरल विल्यम रॉयने लंडन आणि पॅरिस यांच्यामधलं अंतर मोजण्याच्या कामात हाच मनोरा वापरला होता. मोजणाऱ्याच्या स्मारकावरून मोजणी झाली हे फार योग्य झालं.

वर एक स्वयंसेवक आजोबा माहिती सांगत होते. त्यांचं झाल्यावर मी पुढे होऊन म्हटलं, मी त्या गावची आहे. त्यांना आधी कळलंच नाही. मग मी फोनमधला एप्रिलचा फोटो दाखवला : समुद्र, बेट, तट, दारावरचा मारुती. ते बराच वेळ बघत राहिले. मी त्यांना सांगितलं, हे सेव्हर्नड्रूग नव्हे, सु-वर्ण-दुर्ग, सोन्याचा किल्ला. त्यांनी तीनदा म्हणून पाहिलं. 'र्ण' जमेना, पण 'सुवर' झाल्यावर मी थांबवलं आणि पुन्हा सावकाश म्हणून घेतलं. चौथ्यांदा नीट आलं. पुढचा गट वर आला तेव्हा त्यांनी पाटीवरचं नाव सांगून झाल्यावर माझ्याकडे बघत "सुवर्णदुर्ग" म्हटलं. भाच्याने माझा हात धरला.

खाली उतरल्यावर कबूल केल्याप्रमाणे हर्णैला फोटो पाठवला. तिकडे संध्याकाळ असणार. चहा संपायच्या आत नाखव्यांचा आवाजी निरोप आला, मागे लाटांचा आवाज. "बगितला, ताई. बरा हाय. उंची किती?"

पत्रकावर त्रेसष्ट फूट लिहिलं होतं. मी सहाने भागलं आणि उलट निरोप धाडला, "साडेदहा वाव."